पोचपावतीवरचा अंगठा

१

फॅक्स इंग्रजीत होता आणि त्याचा मतलब एवढाच होता, की नोकरीचा परवाना आम्ही दोन एप्रिललाच रजिस्टर पोस्टाने तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवला आहे, तर अजून व्हिसा का काढला नाही? खाली आणखी एक ओळ होती. तीस जूनपर्यंत पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का पडला नाही, तर परवाना रद्द होईल आणि ही जागा आम्हाला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

त्या दिवशी १९९८ सालच्या जूनची बारा तारीख होती.

"म्हणजे अठरा दिवस," मेहरुनबी म्हणाल्या. "आणि ते रजिस्टर?"

"आलंच नाही, मावशी," आम्रपाली म्हणाली.

मेहरुनबी अत्तार टपाल खात्यात पस्तीस वर्षं काढून, सांगलीच्या पोस्टातून निवृत्त होऊन साताऱ्याला आपल्या घरी राहायला आल्या होत्या. माणसाच्या बोलण्यापेक्षा त्यांचा विश्वास सहीवर जास्त, आणि सहीपेक्षा शिक्क्यावर जास्त. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली, तरी पाहुणे कोण आलेत हे विचारल्याशिवाय त्या डब्याचं झाकण उघडत नसत. आम्रपालीचा बाप कोंडीबा बनसोडे त्यांच्या हाताखाली पॅकर होता. तो गेला, पण पोरीनं मावशी म्हणणं सोडलं नाही, आणि आज ती सकाळच्या एसटीनं थेट सांगलीहून येऊन पुढ्यात बसली होती. तिचे डोळे रडून सुजले होते.

प्रकरण तसं सरळ होतं. आम्रपाली मेकॅनिकलची डिप्लोमाधारक. हॉलंडमधली एक पंप बनवणारी कंपनी तिला हातानं काढलेले कच्चे नकाशे फॅक्सनं पाठवायची. ती सांगलीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून ते पक्के करायची आणि टेलिफोनच्या तारेतून परत धाडायची. दोन वर्षं असं चाललं होतं. पगार वेळेवर यायचा, पण मालकाचं तोंड सांगलीत कुणी पाहिलं नव्हतं. आता त्या मालकानं तिला दोन वर्षांसाठी तिकडेच बोलावलं होतं. त्यांच्या लेखी ती परदेशी, म्हणून आधी परवाना, मग मुंबईच्या वकिलातीतून व्हिसा. डिसेंबरात अर्ज झाला होता.

"किती दिवस लागतात याला?" मेहरुनबींनी विचारलं.

"तेच तर कुणाला नक्की माहीत नाही. क्लासवाले प्रशांतसर म्हणायचे सहा महिने. शेजारच्या मनुबाई म्हणायच्या वर्ष. तिकिटांचा एजंट म्हणाला, नशीब. म्हणून मी गप्प बसले, मावशी. मला वाटलं उशीर होतोय."

"चोरानं हेच ओळखलं," मेहरुनबी म्हणाल्या. "दुसरं काही गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी बोंब झाली असती. सरकारी कागद गेला, की लोक त्याला उशीर म्हणतात."

"चोर? अहो, टपालात हरवलं असेल."

"साधं पत्र हरवतं. रजिस्टर हरवत नाही. कुणाची तरी सही घेतल्याशिवाय पोस्टमन ते हातातून सोडत नाही. घरी काय सांगितलंस?"

"कागद हरवला एवढंच. तारखेचं बोलले नाही. आईला उगाच घोर लागेल."

"क्लासमध्ये?"

"फॅक्स मीच यंत्रातून काढला आणि पिशवीत घातला. तारीख तुम्हाला आणि मलाच माहीत आहे."

"आणि ज्यानं पाकीट फोडलं, त्याला," मेहरुनबी म्हणाल्या. "उद्या येते मी सांगलीला."

२

शनिवारी अकरा वाजता मेहरुनबी आम्रपालीला घेऊन आपल्या जुन्या पोस्टात शिरल्या, तेव्हा निम्मा स्टाफ उठून उभा राहिला. जुने कागद शोधायला कुणी कुरकुर केली नाही. एप्रिलचा गठ्ठा आला, सुतळी सुटली, आणि सतरा तारखेची पावती सापडली.

सहीच्या रकान्यात सही नव्हती. निळा, ठसठशीत अंगठा होता. शेजारी पोस्टमनच्या अक्षरात लिहिलं होतं, "आक्काताई कोंडीबा बनसोडे, आई." अंगठा असला की साक्षीदाराची सही लागते. तो रकाना रिकामा होता.

आम्रपाली पावतीकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "मावशी, हा आईचा नाही."

"कशावरून?"

"आई अंगठा देत नाही. ब्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा मीच शिकवलं तिला. सहा महिने पाटीवर नाव गिरवत होती. त्यानंतर तिनं कुठं म्हणून अंगठा दिला नाही. रेशनला सही, मतदानाला सही. दूधवाल्याच्या कार्डावरसुद्धा ती रोज सही करते. त्याला नको असते तरी."

मेहरुनबींनी पोस्टमनला बोलावणं धाडलं. यल्लाप्पा जत तालुक्यातला, पन्नाशीचा, उन्हानं रापलेला. या भागात जानेवारीतच बदलून आला होता.

"म्हातारीलाच दिलं की मी, बाईसाहेब," तो म्हणाला. "हिच्याच घरात. हातात दिलं."

"तिला लिहिता येतं, यल्लाप्पा. मग अंगठा कशाला घेतलास?"

"मी पेनच पुढं केलं हुतं. तिनं ते बाजूला सारलं. शाईची डबी हाय का म्हनली. हाय म्हनलं. तिनं अंगठा उठवला, मी नाव घातलं."

"साक्षीदार?"

यल्लाप्पानं मान खाली घातली. "दुपारची येळ हुती. गल्लीत कुनी न्हवतं. र्‍हाऊन गेलं."

"राहून गेलं," मेहरुनबी म्हणाल्या. एवढ्या एका रिकाम्या रकान्यावर माणूस निलंबित होतो हे दोघांनाही ठाऊक होतं.

आम्रपालीचा आवाज चढला. "हे खोटं बोलतायत. माझ्या आईला सही येते हे यांना माहीत नव्हतं, म्हणून स्वतःचा अंगठा उठवून दिला. पाकीट कुणाला विकलं ते विचारा. मी सोमवारी लेखी तक्रार देणार."

"बाई, एकवीस वर्सं नोकरी झाली माझी," यल्लाप्पा म्हणाला. "एक कार्डबी इकडचं तिकडं न्हाई झालं."

मेहरुनबींनी पावती परत गठ्ठ्यात ठेवली. नोकरीत त्यांनी खोटं बोलणारे पोस्टमन पुष्कळ पाहिले होते. ते फार बोलतात. हा माणूस विचारलं तेवढंच बोलत होता, आणि तेच त्यांना खटकत होतं.

३

बनसोड्यांचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्यावर धुळीचा कण नाही. आक्काताई साठीच्या, सडपातळ, पदर नीट खोचलेल्या. मेहरुनबींना बघून त्यांनी आधी चहा टाकला आणि मग डोळ्याला पदर लावला.

"कोंडीबा असते तर हे झालं नसतं," त्या म्हणाल्या.

"आक्काताई, रजिस्टर तुम्ही घेतलं, असं पोस्टमन म्हणतो. अंगठा आहे पावतीवर."

"अंगठा?" आक्काताई ताठ झाल्या. "बाई, म्या सही करती." त्या उठल्या, फळीवरून दुधाचं कार्ड आणलं आणि मेहरुनबींच्या मांडीवर ठेवलं. एकतीस चौकटींत एकतीस सह्या होत्या, प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येक वेलांटी मोठी. "ह्यो बघा मे महिना. येक दिस सुटलाय का?"

सुटला नव्हता. मेहरुनबींनी कार्ड परत दिलं.

घरात नजर फिरवायची त्यांची जुनी खोड होती. खिळ्याला बिलं टोचलेली होती. शेजारी कॅलेंडर, आणि जूनच्या पानावर पेनानं तीन गोल केलेले होते. नऊ, अठरा आणि तीस.

"हे कसले गोल?"

"शेवटच्या तारखा," आम्रपाली म्हणाली. "आईचा शिरस्ता आहे. इंग्रजी आकडे तिला बिलांवरूनच आले. बिल आलं की तारीख हुडकायची आणि गोल करायचा. आजवर एकदा दंड बसला नाही आम्हाला."

आक्काताई कपबश्या उचलायला लागल्या. "परदेसचं काम हाय. येळ लागतुयाच," त्या पाठमोऱ्या म्हणाल्या. "आज न्हाई तर उद्या यील कागद. एवढी जिवाला लावून घिऊ नगंस तू."

चहानंतर त्या पेपर उघडून बसल्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायच्या. मधेच थांबून म्हणाल्या, "मनुबाईच्या पोरीला बघाया पावनं आलं हुतं, बाई. सोलापुरातनं आठ मानसं. मागायला आलं म्हंजे असं यावं लागतंय. घर बघत्यात, आपुन त्यांचं त्वांड बघतो. ह्या पंपवाल्याचं त्वांड कुनी बघितलंय?"

"आई, ती नोकरी आहे," आम्रपाली म्हणाली. हे बोलणं घरात पुष्कळदा झालं असावं, कारण आक्काताईंचं बोट लगेच पुन्हा ओळीखाली गेलं.

उठताना मेहरुनबींनी खिळ्यावरची बिलं सहज चाळली. दिव्याचं बिल, शेवटची तारीख नऊ. नळपट्टी, अठरा. तिसरं बिल नव्हतं. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर त्यांनी ते तोंडावर दिसू दिलं नाही.

४

दोघी मग आम्रपालीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेल्या. तो पहिल्या मजल्यावर होता. बाहेर चपला काढायच्या, आत यंत्रांवर फुलाफुलांची आवरणं. क्लासचा मालक प्रशांत तिशीचा, हसतमुख. आम्रपालीच्या पगारातला निम्मा भाग यंत्राचं आणि फोनचं भाडं म्हणून त्याच्याकडे जायचा. ती गेली की ते बंद होणार होतं, हे मेहरुनबींनी पायऱ्या चढतानाच हिशेबात धरलं होतं.

"मॅडम, मी पहिल्यापासून सांगतोय," प्रशांत म्हणाला. "सहा महिने कमीत कमी. या गोष्टींना वेळ लागतो."

"हे कुठं वाचलंत?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

प्रशांत हसला. "बसा, चहा सांगतो." कोपऱ्यातल्या यंत्रावर अक्षता नावाची मुलगी बसली होती. आम्रपालीच्या हाताखाली ती हेच काम शिकत होती. ती मान वर न करता ऐकत होती. प्रशांत खाली चहा सांगायला गेला, तशी मेहरुनबींनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"आम्रपाली गेली नाही तर तिथली जागा तुला मिळेल का गं?"

"मला कोण विचारतंय, मावशी. पण ताई गेल्या तर इथलं काम मला मिळेल, असं सर म्हणाले होते." तिनं आवाज खाली आणला. "मग मे महिन्यात म्हणाले, ताई काही जात नाहीत."

"मे महिन्यात त्यांना कसं कळलं?"

अक्षतानं जिन्याकडे बघितलं. "त्या दिवशी ताई सुट्टीवर होत्या. हॉलंडचा फॅक्स आला. सरांनी वाचला आणि खणात टाकला. मला म्हणाले, नुसती चौकशी आहे, सांगायची गरज नाही."

प्रशांत चहा घेऊन वर आला, तेव्हा त्याच्या टेबलाचा खण उघडा होता आणि आम्रपालीच्या हातात कागद होता. फॅक्सची शाई फिकट झाली होती, तरी तारीख वाचता येत होती. पंधरा मे. परवाना पोचला का, एवढंच त्यात विचारलं होतं.

"महिनाभर," आम्रपाली म्हणाली. "महिनाभर तुम्ही मला रोज सांगत होता, की वेळ लागतो."

प्रशांतचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. यंत्राचे हप्ते आहेत. तू गेलीस तर क्लास बंद पडेल असं वाटलं. आणखी दोन-तीन महिने मिळाले तर अक्षता तयार होईल, इतकाच विचार होता. पण पाकीट मी डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नाही. शपथ घेतो."

आम्रपाली ऐकायला थांबली नाही. जिना उतरताना तिनं सगळं जुळवून टाकलं होतं. प्रशांतनं यल्लाप्पाला फितवलं, यल्लाप्पानं आपला अंगठा उठवला, पाकीट प्रशांतकडे गेलं. खोटं नाव घालायला आई सापडली, कारण म्हातारी बाई म्हणजे अंगठाच, असं दोघांनी धरून चाललं.

"बरोबर आहे ना, मावशी?"

"सगळं बसतंय," मेहरुनबी म्हणाल्या. "एक गोष्ट सोडून."

"कोणती?"

"तो अंगठा आहे," मेहरुनबी म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या.

५

रविवारी सकाळी आम्रपालीनं तक्रार लिहून काढली. खाली दोन ओळी आईच्या नावानं होत्या. सदर रजिस्टर मला मिळालेलं नाही. पावतीवरचा अंगठा माझा नाही.

मेहरुनबींनी यल्लाप्पालाही बोलावून घेतलं होतं. तो आत येईना, उंबऱ्याबाहेर टोपी हातात धरून उभा राहिला. मेहरुनबींनी तो कागद आक्काताईंपुढं पाटावर ठेवला. एका बाजूला पेन ठेवलं. दुसऱ्या बाजूला यल्लाप्पाकडून मागून घेतलेली शाईची डबी ठेवली.

"आक्काताई, वाचा आणि खाली सही करा."

आक्काताईंनी बोट धरून वाचलं. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मग पुन्हा पहिली. हात पेनाकडे गेला आणि वाटेत थांबला. तो हात तिथून वळला आणि डबीच्या झाकणावर जाऊन राहिला.

"आई?" आम्रपाली म्हणाली.

मेहरुनबींनी डबी उचलून बाजूला ठेवली. त्यांना बरं वाटत नव्हतं. आयुष्यात त्यांनी अनेक चोर पकडून दिले होते, पण त्यातल्या कुणाच्या घरचा चहा त्या पीत नव्हत्या.

"आम्रपाली, तुझ्या जुळणीत एकच खोट होती," त्या म्हणाल्या. "ज्याला खोटी पावती करायची तो सही ठोकतो. वाकडीतिकडी काहीतरी रेघ ओढतो. ती कुणाची, हे कुणाला शोधता येतं? अंगठा कुणी चोर देत नाही. तो एकाच माणसाचा असतो, आणि कधीही ताडून बघता येतो. यल्लाप्पाला लबाडी करायची असती, तर त्यानं साक्षीदाराच्या रकान्यातही एक खोटं नाव घातलं असतं. तो रकाना त्यानं रिकामा सोडला, कारण त्याला भीतीच नव्हती. त्यानं पाकीट खरोखर दिलं होतं."

उंबऱ्याबाहेर यल्लाप्पानं टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली.

"आणि ते कॅलेंडर बघ. नऊ तारखेला दिव्याचं बिल, अठराला नळपट्टी. तीस तारखेचं बिलच नाही या घरात. ती तारीख तुला परवा फॅक्सनं कळली, आणि तू घरी बोलली नाहीस. मग गोल कुणी केला? परवान्याच्या कागदावर ती आकड्यात छापलेली असणार. आक्काताईंना इंग्रजी येत नाही, पण कागदावरची शेवटची तारीख त्यांना बरोबर हुडकता येते."

"पण आई सही करते," आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "तिनं घेतलं असतं तर सही केली असती."

"म्हणूनच केली नाही," मेहरुनबी म्हणाल्या. "यल्लाप्पानं पेन पुढं केलं, ते त्यांनी बाजूला सारलं. जे नाव तू शिकवलंस, ते तुझ्याच विरुद्ध लिहायला त्यांचा हात वळला नाही."

आक्काताई उठल्या. फळीवर, तसबिरीपासून लांबच्या कोपऱ्यात, कापडी पिशवी होती. साक्षरता वर्गाची. तिच्यात पाटी, आणि अंकलिपीत नीट घडी न मोडता ठेवलेलं पाकीट. त्यांनी ते लेकीपुढं ठेवलं.

"पाकीट फोडलं, पर कागुद फाडला न्हाई म्या," त्या म्हणाल्या. "येकदा चुलीपतुर नेलं हुतं. न्हाई जमलं."

"का, आई?"

"तूच वाचाया शिकवलंस. पेपरात काय काय येतंय ते वाचती म्या. नोकरीला म्हनून न्हेत्यात, पासपोर्ट काढून घेत्यात, कोंडून घालत्यात. हितं दोन वर्सं झाली, मालक हाय का न्हाई ते कुनाला ठावं? यंत्रातनं कागुद येतोय निस्ता. मनुबाईच्या पोरीला मागायला आठ मानसं आली. माझ्या पोरीला मागायला येक मानूस आला न्हाई. म्हनलं, ज्याला न्यायची हाय त्यो यील हुडकत. न्हाई आला तर तीस तारीख जाईल निघून." त्या खाली बसल्या. "आनि खरं सांगू का? तू गेल्यावर ह्या घरात म्या कुनाला वाचून दावू?"

आम्रपालीनं पाकीट उचललं. आईकडे न बघता ती बाहेर गेली, आणि बराच वेळ परत आली नाही. मेहरुनबींनी तक्रारीचा कागद फाडून चुलीत घातला.

"यल्लाप्पा," त्या म्हणाल्या, "रकाना रिकामा सोडलास ते सोडलासच. पुन्हा करू नकोस."

"न्हाई, बाईसाहेब."

आक्काताई त्याच्याकडे वळल्या. "तुमची नोकरी गेली असती माझ्यापाई," त्या म्हणाल्या. त्यानं प्यायला पाणी मागितलं, आणि आक्काताईंनी ते तांब्याभरून दिलं.

६

सोळा दिवस उरले होते. आम्रपाली त्याच रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाली असती, पण संध्याकाळी ती आईशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "तू हो म्हणून सही केल्याशिवाय मी हॉलंडला जाणार नाही." ती रागानं म्हणाली की मायेनं, हे मेहरुनबींना शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा दोन्ही असावं.

सोमवारी क्लासमधून आक्काताईंची भीती कळवणारा एक मजकूर हॉलंडला गेला. प्रशांतनं फोनचे पैसे घेतले नाहीत. मंगळवारी फॅक्स आला, आणि या खेपेला वरती नाव आम्रपालीचं नव्हतं. श्रीमती आक्काताई बनसोडे यांस, असं होतं. कंपनीच्या मालकानं लिहिलं होतं, की मी स्वतः यायला हवं होतं, ते राहिलं याबद्दल माफ करा. मुलीचा पासपोर्ट तिच्याजवळच राहील. ती माझ्या आईच्या घरी वरच्या खोलीत राहील. खाली त्या आईचा फोन नंबर होता.

आक्काताईंनी आकडे दोनदा वाचले आणि एसटीडी बूथ गाठला. पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला. दोघींना एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, तरी तीन मिनिटं दोघी बोलल्या. पोरीला तिखट लागतंय आणि थंडी सोसत न्हाई, एवढं आक्काताईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आवाज काय कुणाचाही असू शकतो, असं मेहरुनबींच्या मनात आलं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक शंका गिळून टाकली.

आईनं जा म्हटल्यावर आम्रपाली गुरुवारी वकिलातीत कागद देऊन आली. व्हिसा कधी मिळेल ते तिथंही कुणी नक्की सांगितलं नाही. पासपोर्ट घ्यायला स्वतः जाते, असं ती म्हणत होती, पण मेहरुनबींनी तिला फोनवर अडवलं. "रजिस्टरनं येऊ दे. घरच्या पत्त्यावर. सही आई करेल."

"आणि पोचलं नाही तर?"

"तुझा बाप त्याच खात्यात होता," मेहरुनबी म्हणाल्या.

म्हणायला त्या म्हणाल्या, पण सव्वीस तारीख गेली, सत्तावीस गेली, रविवारही गेला आणि त्यांची झोप उडाली. एकोणतीसला सोमवारी त्या पहिल्या गाडीनं सांगलीला आल्या. आक्काताई उंबऱ्यात बसून होत्या, आम्रपाली आतबाहेर करत होती.

साडेबारा वाजता यल्लाप्पाची सायकल गल्लीत वळली. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, पिशवीत हात घातला आणि आधी शाईची डबी काढली. मग जाडजूड पाकीट काढलं. मुंबईचा शिक्का होता.

आक्काताईंनी डबी बाजूला सारली आणि हात पुढं केला. यल्लाप्पानं खिशातलं पेन दिलं. त्यांनी पावती मांडीवर घेतली आणि लिहायला सुरुवात केली. आक्काताई. मग कोंडीबा. मग बनसोडे. अक्षरं मोठी होती, रकाना लहान होता. नाव रेघ ओलांडून शेजारच्या रकान्यात गेलं आणि तिथं संपलं.

"आवं आक्का," यल्लाप्पा म्हणाला, "ही साक्षीदाराची जागा हाय."

"आसू दे की," आक्काताई म्हणाल्या. "म्याच हाय साक्षीदार."

पाकीट आम्रपालीनं फोडलं, पण पासपोर्ट आईच्या हातात दिला. आक्काताईंनी एकेक पान उलटलं. शिक्क्याचं पान आलं, तसं त्यांनी ओळीखाली बोट ठेवलं आणि आकडे वाचले. पंचवीस जून. मग त्या आत गेल्या आणि कॅलेंडरवरचा तीस तारखेचा गोल पेनानं खोडून टाकला.